एरोपोनिक्सला जीवामृत चालेल का? वाचकांचे प्रश्न

मुळं हवेत लोंबती ठेवून त्यांच्यावर द्रावणाचं धुकं सोडायचं, ही एरोपोनिक्सची पद्धत. त्यात रासायनिक ए-बी द्रावणाऐवजी (दोन बाटल्यांत मिळणाऱ्या तयार खनिज खताऐवजी) सेंद्रिय खत कसं द्यायचं, यावर बरीच पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न : टॉवरमध्ये पालक आणि लेट्यूस आहे. जीवामृत चार पदरी सुती कापडातून गाळून टाकीत सोडलं. तिसऱ्या दिवशी निम्मे नोझल बंद पडले आणि आठवडाभरात मुळं तपकिरी होऊन वास यायला लागला. आणखी बारीक गाळणी लावली तर जमेल का? (नाशिक)

नाही जमणार. घरगुती गाळणी कितीही बारीक घेतली तरी विरघळलेला गूळ आणि जिवाणू तिच्यातून पार होतातच. जिवाणू साधारण एक-दोन मायक्रॉनचा असतो. घरगुती आरओमधलं स्पन कार्ट्रिज पाच मायक्रॉनचं. पलीकडे गेलेले जिवाणू नळीला आतून चिकटतात, साखर खातात आणि बुळबुळीत थर धरतात. आज काचेसारखं दिसणारं द्रावण परवा त्याच नळीत चिकटा तयार करतं.

मुळात जीवामृत हे विरजण आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती, एवढ्यात पिकाला पुरेल इतकं अन्न नसतंच. त्याचं काम जमिनीतल्या जिवाणूंना चालना देण्याचं. तुमच्या टॉवरमध्ये जमीनच नाही. मातीत प्रथिनांमधल्या नत्राचा आधी अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग नायट्रेट, आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. धुकं मुळांवर काही सेकंद टेकतं आणि निथळून टाकीत परत येतं. मग कुजण्याची क्रिया मुळांवरच सुरू होते आणि मुळांच्या वाट्याचा प्राणवायू जिवाणू संपवतात. एरोपोनिक्सचा सगळा फायदा त्या प्राणवायूत असतो.

आत्ता एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा. वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला, तर ती पिथियम या बुरशीसारख्या जीवाची मूळकूज आहे. ती रोपं काढून टाका. साल घट्ट असेल आणि मुळं फक्त रंगलेली असतील तर टाकी रिकामी करा, मुळं साध्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस निम्म्या ताकदीचं साधं द्रावण द्या. आणि हो, कच्च्या शेणाचं पाणी पालेभाजीच्या आसपासही नको. ई-कोलायसारखे जंतू कापडातून गाळले जात नाहीत आणि लेट्यूस आपण कच्चंच खातो.

सेंद्रिय खत द्यायचंच असेल तर कुजवण्याचं भांडं वेगळं आणि फवारण्याची टाकी वेगळी. पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा हाच आहे.

प्रश्न : सेंद्रिय खत आधी ‘पिकवून’ मग वापरायचं असं वाचलं. गच्चीवर २५ लिटर टाकीचा एक टॉवर आहे. नेमकं किती, काय आणि किती दिवस? (डोंबिवली)

या पद्धतीमागे चांगला अभ्यास आहे. जपानमध्ये माकोतो शिनोहारा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात थोडं कंपोस्ट विरजण म्हणून घालून, हवा देत, माशाचं किंवा मक्याचं द्रवखत रोज थोडंथोडं टाकत गेलं तर सेंद्रिय नत्राचं नायट्रेट पाण्यातच होतं. तुमच्या मापाला ते असं बसवा.

खाण्याच्या वस्तूंचा ५० लिटरचा निळा ड्रम घ्या आणि त्यात ४० लिटर पाणी भरा. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडून जाण्यासाठी एक दिवस हवा देत उघडं ठेवा. माशांच्या टाकीचा एअर पंप आणि दोन एअर स्टोन चोवीस तास चालू हवेत. रात्री आवाज होतो म्हणून पंप बंद केला की सकाळी ड्रमला गटाराचा वास येतो. कांद्याच्या जाळीदार पिशवीत पाच-सहा लिटर सिरॅमिक रिंग किंवा धुतलेली बारीक खडी भरून ती बुडवून ठेवा. जिवाणूंना घर लागतं. दुसऱ्या लहान पिशवीत ठेचलेले शिंपले, साधारण २०० ग्रॅम. नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, ते शिंपल्यातला चुना खाऊन टाकतो. पूर्ण कुजलेलं, मातीचा वास येणारं २०० ग्रॅम कंपोस्ट जाड कापडात बांधून लोंबतं सोडा. म्हणजे लिटरला पाच ग्रॅम.

आता खुराक. लेबलवर नत्र ४ टक्के असलेलं माशाचं हायड्रोलायझेट (प्रथिनं फोडून केलेलं द्रवखत) रोज २० ग्रॅम, दहा दिवस. त्यातून रोज ०.८ ग्रॅम नत्र, म्हणजे ४० लिटरला रोज २० पीपीएम (लिटरला २० मिलिग्रॅम) आणि दहा दिवसांत २०० पीपीएम. तुमच्या बाटलीवर नत्र २ टक्के असेल तर वजन दुप्पट करा. सगळं एकदम ओतलं तर प्राणवायू संपतो आणि ड्रम सडतो, म्हणून रोजच्या रोज.

मत्स्यालयाच्या दुकानातून अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट तपासायचे किट आणा. यात काटकसर नको. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढेल, पुढे नायट्राइट आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात नायट्रेट. अमोनिया किटच्या शेवटच्या गडद रंगावर गेला तर दोन दिवस खुराक थांबवा. अमोनिया १ पीपीएमच्या आणि नायट्राइट अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की द्रावण तयार. पाणी २५ ते २८ अंश असेल तर पहिल्या खेपेला तीन ते चार आठवडे धरा, डिसेंबरात जास्त. हिशेबाने २०० पीपीएम नत्र यायला हवं, पण काही जिवाणूंच्या अंगात जातं, काही गाळात बसतं, काही हवेत उडतं. १२० ते १५० हाती आलं तरी उत्तम.

किट वाचताना एक घोळ सर्रास होतो. मत्स्यालयाचे किट पूर्ण नायट्रेट दाखवतात, त्यातलं नत्र नव्हे. आकड्याला ४.४३ ने भागायचं. १३० पीपीएम नत्र म्हणजे ५७५ पीपीएम नायट्रेट, आणि तेवढी बहुतेक किटची मजलच नसते. नमुना दहापट डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करा, ५७ च्या आसपास रंग आला की बरोबर.

तयार झाल्यावर हवा बंद करून तास-दोन तास गाळ बसू द्या, वरचं २० लिटर काढून घ्या आणि हवा लगेच चालू करा. ड्रम पुन्हा ४० लिटर करा, पाच दिवस रोज २० ग्रॅम, मग दोन-तीन दिवस विश्रांती. आता जिवाणू वस्तीला आहेत, त्यामुळे आठवड्याला एक खेप निघते. पालेभाजीला १०० पीपीएम नत्र पुष्कळ. १३० चं २० लिटर द्रावण २६ लिटरपर्यंत वाढवता येतं. रोपं लहान असतील तर निम्मं.

प्रश्न : माशाचं द्रवखत टाकून ईसी (द्रावणाची विद्युतवाहकता) फक्त ०.६ येते. रासायनिक द्रावणाला १.४ ठेवत होतो. ईसी १.४ होईपर्यंत खत वाढवू का? (कोल्हापूर)

मुळीच नको. ईसी मीटर फक्त विद्युतभारित क्षार मोजतो. प्रथिनात अडकलेलं नत्र त्याला दिसत नाही. ताज्या सेंद्रिय द्रावणाची ०.६ ही खोटी गरिबी आहे. १.४ गाठेपर्यंत ओतलंत तर चार-पाच दिवसांत ते सगळं अमोनियात फुटेल आणि पानांच्या कडा जळतील. उलट गोमूत्र, मासळी आणि समुद्री शेवाळ यांतलं मीठ ईसी वाढवतं, पण ते पिकाच्या काही कामाचं नसतं. सेंद्रिय द्रावणावर नायट्रेट किट बघून चाला; ईसी फक्त आज-उद्याचा फरक पाहण्यासाठी.

प्रश्न : शंभर पीएसआयचा पंप आणि ०.४ मिमीचे मिस्ट नोझल आहेत. सेंद्रियसाठी काय बदलावं? (बारामती)

नोझल बदला, पंपही बदलला तर सोनं. ५ ते ७ किलो दाबावर ०.४ मिमीच्या छिद्रातून साधारण ५० मायक्रॉनचं बारीक धुकं निघतं आणि मुळांना लव फुटायला ते सर्वांत चांगलं, हे खरं. पण असं छिद्र सेंद्रिय द्रावणाला परवडत नाही. ०.८ ते १ मिमीचे मायक्रोजेट आणि दीड-दोन किलो दाब यावर थेंब जाड होतो, मुळं थोडी कमी लवदार येतात, पण यंत्रणा महिनोन्महिने चालते. पालेभाजीच्या उत्पादनात घरगुती पातळीवर हा फरक जाणवत नाही. उच्च दाबाला दर तीन-चार मिनिटांनी पाच सेकंद पुरतात. मायक्रोजेटला दिवसा दर पाच मिनिटांनी अर्धा ते एक मिनिट द्या.

गाळणीचा नियम ठिबकवाल्यांना पाठ असतो : गाळणीचं छिद्र नोझलच्या छिद्राच्या सातव्या ते दहाव्या भागाइतकं. १ मिमीला १२० मेश, म्हणजे १३० मायक्रॉन, पुरते. ०.५ मिमीला २०० मेश, म्हणजे ७५ मायक्रॉन, ही कशीबशी. ड्रममधून टाकीत येताना द्रावण आधी नायलॉनच्या कापडातून आणि मग आरओच्या १० इंची हाउसिंगमधल्या पाच मायक्रॉनच्या स्पन कार्ट्रिजमधून येऊ द्या. पंपाच्या पुढे मात्र पाच मायक्रॉन लावू नका. ते चार दिवसांत चोक होतं आणि दाब पडतो. तिथे धुता येणारी जाळीची गाळणी हवी. नळी काळी घ्या. पारदर्शक नळीत उन्हाने शेवाळ धरतं.

प्रश्न : पीएच रोज ७.५ च्या वर जातो. लिंबाचा रस घातला की ६ होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. (पुणे)

लिंबातलं सायट्रिक आम्ल जिवाणू खातात, व्हिनेगरचंही तसंच. आम्ल संपलं की पीएच जागेवर, आणि वर जिवाणूंना फुकट जेवण. रोज लिंबू पिळणं म्हणजे रोज चिकटा वाढवणं. द्रावण ड्रममध्ये पूर्ण मुरलं नसेल तर अमोनिया सुटत राहतो आणि पीएच चढतो, म्हणून आधी अमोनिया तपासा. तो शून्याजवळ असूनही पीएच चढत असेल तर दोष बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटचा. पावसाचं किंवा आरओचं पाणी निम्मं मिसळा.

ड्रममधला पीएच मात्र खाली आणायच्या भानगडीत पडू नका. नायट्रेट करणारे जिवाणू ७ ते ८ ला खूष असतात, ६.५ च्या खाली मंदावतात, ६ च्या खाली जवळजवळ थांबतात. झाडाला ५.५ ते ६.५ हवं. दोघांचं एका टाकीत जमत नाही ते यासाठीही.

प्रश्न : मासळीचे तुकडे आणि गूळ समप्रमाणात आंबवून केलेलं फिश अमिनो घरीच आहे. ते चालेल? (रत्नागिरी)

मातीतल्या झाडांना चालेल. ड्रमला नको, कारण त्यात निम्मा गूळ आहे. कर्ब जास्त आणि नत्र कमी असलं की जिवाणू आहे तेही नत्र स्वतःच्या वाढीला वापरतात आणि नायट्रेट तयारच होत नाही. गूळ न घालता केलेलं हायड्रोलायझेट किंवा मका स्टार्च कारखान्यातलं कॉर्न स्टीप लिकर घ्या. तुमच्याकडे कालवांच्या शिंपल्यांना तोटा नाही, ते मात्र ड्रमसाठी नक्की वापरा. आधी उकळून वाळवा.

प्रश्न : नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. लेट्यूसच्या कोवळ्या पानांची टोकंही करपतात. नायट्रेट किटवर सगळं ठीक आहे. (सांगली)

पहिलं लक्षण लोहाचं, दुसरं कॅल्शियमचं. मासळीच्या खतात नत्र-स्फुरद बरं असतं. पालाश, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी पडतं.

कॅल्शियमला खनिज जिप्सम लिटरला ०.४ ग्रॅम, त्यातून सुमारे ९० पीपीएम कॅल्शियम येतं. जिप्सम हळू विरघळतं, म्हणून बादलीत रात्रभर ढवळून, निवळी गाळून घाला. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला ०.४ ग्रॅम, म्हणजे जवळपास ४० पीपीएम मॅग्नेशियम. पालाशला ०-०-५० (पोटॅशियम सल्फेट) लिटरला ०.३ ग्रॅम. साखर कारखान्यांच्या स्पेंट वॉशच्या (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या सांडपाण्याच्या) राखेतलं पीडीएम हे पालाश खत स्वस्त पडतं, पण ते पूर्ण विरघळत नाही. ते शेतात टाका, धुक्यात नको. चुलीच्या राखेने पीएच उडतो.

समुद्री शेवाळाच्या अर्काबद्दल एक सावधगिरी : काही अर्कांत अल्जिनेट असतं आणि कॅल्शियम भेटलं की त्याची जेली होते. जिप्सम आणि शेवाळ अर्क एकाच दिवशी टाकीत घातला आणि संध्याकाळी सगळे नोझल बंद, याचं कारण हेच. अर्क वापरायचाच तर ड्रममध्ये, खुराकासोबत. लोहासाठी पीएच ६.५ च्या वर राहत असेल तर ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) टिकत नाही, ईडीडीएचए घ्या, लिटरला १ ते २ मिलिग्रॅम लोह मिळेल इतकंच. ही चिलेट कृत्रिम असतात. ज्यांना काटेकोर सेंद्रिय राहायचं आहे त्यांनी आधी पीएच खाली आणून बघावं, पुष्कळदा तेवढ्यानेच पानं हिरवी होतात.

आणि टोकं करपण्यात हवेचाही हात असतो. बंद खोलीत पानांतून पाणी उडत नाही, मग कॅल्शियम कोवळ्या पानापर्यंत पोचत नाही. एक लहान पंखा लावा.

प्रश्न : अल्ट्रासॉनिक फॉगरने सेंद्रिय धुकं करता येईल का? (मडगाव)

नको. चकतीवर थर बसतो, ती तापते आणि जळते. शिवाय पाच मायक्रॉनच्या आसपासच्या त्या धुक्यातून मुळांपर्यंत खत फार थोडं पोचतं, आणि फॉगर पाणी तापवतो तो वेगळाच.

प्रश्न : मार्च ते मे मध्ये मुळं सडतातच. ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी टाकीत घातली तर? (नागपूर)

आधी पाणी थंड करा. २० अंशाला पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. आणि नेमक्या त्याच उकाड्यात जिवाणूंची आणि पिथियमची भूक वाढते. टाकी २२ अंशांच्या आत राहिली तर निम्मा त्रास संपतो. टाकी जमिनीत गाडा किंवा थर्माकोलने मढवून सावलीत ठेवा, आणि गोठवलेल्या पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या दुपारी बदला. एवढ्यानेही पाणी २८ च्या खाली येत नसेल तर एप्रिल-मे मध्ये सेंद्रिय द्रावण बंद ठेवून साधं खनिज द्रावण वापरा. यात कमीपणा काही नाही.

ट्रायकोडर्माची पावडर टाल्क किंवा लिग्नाइटमध्ये असते. टाकीत घातली तर ती नोझलमध्ये बसते. बॅसिलस सबटिलिस या उपयुक्त जिवाणूचं द्रवरूप चांगलं, तेही ड्रममध्ये किंवा रोपं लावताना मुळं बुडवायला. कुजलेल्या मुळांवर त्याचा इलाज होत नाही. आणि वीज गेली तर? उन्हाळ्यात हवेतली मुळं तासाभरात माना टाकतात. पंपाला इन्व्हर्टर द्या.

प्रश्न : सातगाव पठारावर बटाटा करतो. एरोपोनिक्समध्ये सेंद्रिय पद्धतीने बियाणं काढता येईल का? (मंचर)

एरोपोनिक्समधलं बटाट्याचं बियाणं हे सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बसवलेलं तंत्र आहे. टिश्यू कल्चरच्या विषाणूमुक्त रोपांपासून एका झाडाला ३५ ते ६० मिनीट्यूबर (बियाण्याचे छोटे बटाटे) मिळतात. तिथे सगळा डोलारा निर्जंतुक वातावरण आणि मोजून दिलेलं खनिज द्रावण यांवर उभा असतो. जिवाणूंनी भरलेला ड्रम त्यात आणू नका. तंत्र जसं आहे तसं घ्या आणि सेंद्रियपणा शेतात करा.

प्रश्न : अशी भाजी ‘सेंद्रिय’ म्हणून विकता येईल? निर्यातीचाही विचार आहे. (पुणे)

युरोपात नाही. तिथल्या २०१८/८४८ या नियमाप्रमाणे, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, सेंद्रिय पीक जिवंत जमिनीतच वाढायला हवं. मोड आलेली कडधान्यं वगैरे मोजके अपवाद सोडले तर पाण्यावरची शेती बसत नाही. अमेरिकेत पाण्यावरच्या शेतीला प्रमाणपत्रं मिळतात, पण तिथल्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने २०१७ मध्ये एरोपोनिक्सला मात्र ती देऊ नयेत अशी शिफारस केली होती. आपल्याकडचा एनपीओपी हा अपेडाचा (कृषी निर्यात संस्थेचा) सेंद्रिय प्रमाणीकरणाचा कार्यक्रम जमिनीभोवती बांधलेला आहे. हंगामी पिकांचा दोन वर्षांचा रूपांतर काळदेखील जमिनीचाच मोजतात. एफएसएसएआयच्या २०१७ च्या नियमांनुसार ‘सेंद्रिय’ म्हणून विकायला एनपीओपी किंवा पीजीएसचा (शेतकरी गटांनी एकमेकांची हमी देण्याच्या पद्धतीचा) आधार लागतो. गुंतवणुकीआधी प्रमाणन संस्थेकडून लेखी उत्तर घ्या. तोवर पाकिटावर ‘मातीविना वाढवलेली’ आणि खरंच फवारणी केली नसेल तर ‘कीटकनाशकाविना’ एवढंच छापा.

प्रश्न : तुंबलेले नोझल टाचणीने साफ करतो, तरी आठवड्यात परत बंद. (सातारा)

टाचणीने छिद्र ओबडधोबड होतं आणि धुक्याऐवजी पिचकारी येते. आधी काय साचलंय ते ओळखा. पांढरा, खरखरीत थर असेल आणि व्हिनेगरचा थेंब टाकल्यावर फसफसला तर तो चुना. नोझल २ टक्के सायट्रिक आम्लात, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, दोन-तीन तास बुडवा. तपकिरी, बोटांत चोळल्यावर साबणासारखा निसटणारा थर असेल तर तो जिवाणूंचा. त्याला आम्ल लागू पडत नाही. त्यासाठी ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आहे तसंच वापरून नोझल तासभर भिजवा आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने घासा. बहुतेक वेळा दोन्ही थर एकावर एक असतात, तेव्हा आधी पेरॉक्साइड, स्वच्छ पाण्याने धुणं, मग आम्ल.

पूर्ण लाइन दोन पिकांच्या मध्ये, रोपं काढल्यावर धुवा. ते पाणी ड्रमकडे जाता कामा नये. पेरॉक्साइडने महिनाभराची जिवाणूंची वस्ती एका तासात मरते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र कधीही नको, विषारी क्लोरिन वायू सुटतो. नोझलचा एक जादा संच जवळ ठेवा. दर आठवड्याला संच बदलायचा आणि काढलेला भिजत टाकायचा. ठिबकला आम्लप्रक्रिया तुंबायच्या आधीच करतात, तसंच हेही वेळापत्रकाने करायचं.